आधी उत्तर, मग निरीक्षण!

प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम जवळ आला की आपल्या महाविद्यालयांतून एक उद्योग जोरात सुरू होतो. दोन जर्नले शेजारी शेजारी उघडी ठेवली जातात. एक गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे, दुसरे यंदाच्या. साध्या लंबकाचाच प्रयोग घ्या. लंबकाची लांबी मोजायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरणाचे मूल्य काढायचे, असा तो प्रयोग. प्रत्यक्षात पुष्कळदा क्रम उलटा असतो. पुस्तकातले ९.८१ हे उत्तर आधी घ्यायचे, त्यावरून वेळ किती यायला हवा ते गणिताने काढायचे आणि तो आकडा किंचित इकडेतिकडे करून ‘निरीक्षण’ या रकान्यात भरायचा. गंमत अशी, की ९.८१ हे मूल्य साधारणपणे लंडनच्या अक्षांशावरचे आहे. मुंबईत ते ९.७९च्या जवळ असते. दोऱ्याला बांधलेल्या गोळीने एवढा सूक्ष्म फरक सहसा कळणार नाही, हे खरे. पण म्हणूनच एका वर्गातील साठ जर्नलांत साठही वेळा ९.८१ यावे, हा प्रयोग यशस्वी झाल्याचा नव्हे, तर प्रयोग झालाच नसल्याचा पुरावा होय.

याला विद्यार्थ्यांचा आळस म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु विद्यार्थी हा व्यवहारचतुर असतो. ज्याचे उत्तर ९.४ आले आणि ज्याने ते तसेच लिहिले, त्याचे गुण कापले जातात, ज्याने ९.८१ ‘आणले’ त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात, हे तो पहिल्या सहामाहीतच ओळखतो. म्हणजे जी शिस्त विज्ञानाचा प्राण आहे, तिच्या उलट शिस्त आपण त्याला प्रयोगशाळेतच लावतो. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. ते कर्तव्य ज्या वयात अंगवळणी पडायचे, त्या वयात आपण मुलांना आधी उत्तर आणि मग निरीक्षण हा क्रम शिकवतो. शिक्षणातील अनेक दोषांपैकी हा एक दोष नसून इतर अनेक दोषांचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

निरीक्षण म्हणजे काय, याचा एक धडा याच शहराच्या दक्षिण टोकाला घडून गेला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेची धुरा वाहिली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार हे निश्चित झाले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने चुंबकसूचीची वाचने बिघडणार हे उघड झाले. शहराची सोय अडवून धरणे शक्य नव्हते आणि बिघडलेले आकडे सुधारून लिहिणे त्या मंडळींना मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांनी अलिबागला, चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळून, नवी वेधशाळा उभारली. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुन्या जागेचे आकडे आणि नव्या जागेचे आकडे यांचा सांधा नीट जुळावा, एवढ्यासाठी ही दोन वर्षांची दुहेरी मेहनत! आज या नोंदींच्या अखंड मालिकेला जगात मान आहे. आपल्या पदवीधरांपैकी किती जणांना ही हकीकत ठाऊक आहे? चुंबकत्वाची व्याख्या मात्र सर्वांना पाठ असते.

डोळे खरे, निष्कर्ष खोटा

विज्ञान पाठ असणे आणि वैज्ञानिक रीतीने विचार करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा प्रत्यय आपल्याला अधूनमधून येतच असतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते, अशी वार्ता दिल्लीकडून आली आणि काही तासांत मुंबईतल्या देवळांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत पदवीधर होते, शास्त्र शिकलेले होते. त्यांची टर उडविणे मला मुळीच अभिप्रेत नाही. उलट, एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे : चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते. त्यांच्या डोळ्यांनी त्यांना फसविले नव्हते. दूध कमी झाले हे निरीक्षण होते. मूर्तीने ते प्याले हे अनुमान होते. या दोहोंच्या मध्ये एक पायरी असते, ती गाळली गेली. चमच्यातून गेलेले दूध गेले कोठे? मूर्तीच्या जागी साधा दगड ठेवला तर काय होईल? दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा ते मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरताना स्पष्ट दिसले. पृष्ठताणाचा धडा त्या रांगेतल्या अनेकांनी शाळेत शिकलेला होता, कदाचित त्यावर चार गुणांचे उत्तरही लिहिलेले होते. परंतु तो धडा प्रश्नपत्रिकेसाठी होता, चमच्यासाठी नव्हता.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर हेच घडले. समुद्राचे पाणी गोड झाल्याची आवई उठली आणि लोक ते पिऊ लागले, बाटल्यांत भरून घरी नेऊ लागले. येथेही चव घेणाऱ्यांची जीभ खोटे बोलत नव्हती; पावसाळ्याच्या ऐन भरात मिठी नदीचे पाणी ज्या खाडीला मिळते, तेथील खारटपणा कमी होणे स्वाभाविकच आहे. पण जे पाणी कमी खारट झाले ते शहराचे सांडपाणी घेऊन आले आहे, हा पुढचा विचार करायला हवा होता. प्रशासनाला इशारे द्यावे लागले. अज्ञान हा येथे प्रश्न नव्हताच. पाहिलेले आणि मानलेले यांत अंतर ठेवण्याची सवय नव्हती, हा प्रश्न होता. आज तर हातातल्या मोबाइलवर अशा वार्ता तासातासाला येतात, आणि विचारलेल्या प्रश्नाचे तयार उत्तरही त्याच यंत्रातून क्षणात मिळते. उत्तरे इतकी स्वस्त झालेली असताना उत्तर पारखण्याची सवय नसणे पूर्वीपेक्षा अधिक महागात पडणार आहे.

परळचा पिंजरा

ही सवय काय करू शकते, हे पाहण्यासाठीही मुंबईबाहेर जाण्याचे कारण नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. हा रोग घाणीतून, जमिनीतून, दूषित हवेतून येतो, असा समज प्रबळ होता. त्यानुसार गटारे धुण्यात आली, घरांना चुना फासण्यात आला, गरिबांची चीजवस्तू जाळण्यात आली. लोक हाल सोसत राहिले आणि प्लेग वर्षानुवर्षे परत येत राहिला. आधी उंदीर पडतात आणि मग माणसे आजारी पडतात, ही गोष्ट मात्र चाळीतल्या सामान्य माणसांनीही पाहिली होती. निरीक्षण सर्वांजवळ होते. उंदरापासून माणसापर्यंत रोग नेते कोण, हा प्रश्न उरला होता.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांच्यामध्ये जाळी ठेवली. ते एकमेकांना स्पर्श करू शकत नव्हते, पण पिसू जाळीतून जाऊ शकत होती. निरोगी उंदीरही आजारी पडला. जगाने त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर गोळा होणाऱ्या पिसवा तपासल्या आणि १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न धसास लावला. त्या प्रयोगांची रचना आठवीच्या मुलालाही समजेल अशी आहे. एक पिंजरा जमिनीलगत ठेवायचा, दुसरा पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगायचा. हवा तीच, खोली तीच, अन्न तेच. फरक फक्त एका गोष्टीचा. खालच्या पिंजऱ्यातला प्राणी दगावतो आणि वरचा जगतो. दोष हवेचा असता तर वरचाही दगावला असता. कोठे भोवती चिकट पदार्थ लावून पिसवांची वाटच अडवली आणि पुन्हा तेच पडताळून पाहिले. ज्या जुन्या राजभवनात हे काम चाले, तीच आजची हाफकिन संस्था. प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचे नाव तिला १९२५ मध्ये देण्यात आले.

परळ-लालबागच्या शाळांतील मुले रोज या संस्थेच्या फाटकावरून जातात. त्यांच्या पाठ्यपुस्तकात ‘प्लेग पिसवांमुळे पसरतो’ हे एक वाक्य असले तर ते वाक्य त्यांना येईल. पण त्या वाक्याची किंमत त्या दोन पिंजऱ्यांमध्ये आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग काय होते ते पाहायचे, ही युक्ती ज्याच्या मनात एकदा ठसली, तो पुढे कोणत्याही वैदूची, जाहिरातीची किंवा राजकीय घोषणेची परीक्षा त्याच युक्तीने घेऊ शकतो.

ही केवळ शास्त्रशाखेची मिरास नव्हे

मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तेव्हा विज्ञानाच्या शिक्षणात मी का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दादाभाई नौरोजींकडे आहे. एल्फिन्स्टन संस्थेत ते गणित आणि पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक होते, ही गोष्ट त्यांच्या राजकीय थोरवीमुळे झाकली गेली आहे. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थान सुखी होत आहे की दरिद्री, यावर त्या काळी सभा गाजत होत्या. दादाभाईंनी प्रांतोप्रांतीचे पिकांचे क्षेत्र, दर एकरी उत्पन्न आणि बाजारभाव जमविले आणि १८६७-६८च्या सुमाराचे दर माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये, असा अंदाज १८७६च्या आपल्या निबंधात मांडला. पण नुसता २० हा आकडा काय सांगणार? म्हणून त्यांनी त्याची तुलना तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी आणि परदेशी पाठविल्या जाणाऱ्या मजुरांच्या शिध्याशी केली. सरकार स्वतःच्या कैद्यावर जेवढे खर्च करते, तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, हे सरकारच्याच आकड्यांतून सिद्ध झाले. पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या हिशेबातील उणिवा दाखविल्या, तेही योग्यच झाले. कारण हिशेबाच्या साऱ्या पायऱ्या त्यांनी उघड्या ठेवल्या होत्या, म्हणूनच तर उणिवा दाखविता आल्या. वक्तृत्वाला उत्तर वक्तृत्वाने देता येते. मांडलेल्या हिशेबाला मात्र हिशेबानेच उत्तर द्यावे लागते. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून मोठा विज्ञानाचा धडा कोणता द्यायचा?

नाना चौकातील दाखला

‘हे सारे हुशार मुलांना ठीक, पण आमच्या शाळेतल्या मुलांना कसे जमणार?’ हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याचेही उत्तर या शहराने देऊन ठेवले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. मानखुर्दच्या वास्तूत जाण्यापूर्वी अनेक वर्षे त्याचा कारभार ग्रँट रोडजवळ नाना चौकातील महापालिकेच्या शाळेतून चालत असे. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठी एक उपक्रम हाती घेतला. ज्यांच्या घरात शिक्षणाचे वातावरण नाही, शिकवणीला पैसे नाहीत, अशी ही मुले. त्यांना आयत्या टिपणांऐवजी प्रश्न विचारण्याची मोकळीक, स्वतः करून पाहण्याची संधी आणि आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडण्याचा सराव देण्यात आला. या मुलांचे शालान्त परीक्षेतील यश लक्षणीयरीत्या सुधारले. विचार करायला शिकविले तर परीक्षेत मागे पडतील, ही भीती किती निराधार आहे हे येथे दिसले.

याच मंडळींनी आणखी एका दुखण्यावर बोट ठेवले : पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर. मुलाला कल्पना कळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला वाक्यच कळलेले नसते. घरी ‘पाणी आटले’ म्हणणाऱ्या मुलापुढे आपण एकदम ‘बाष्पीभवन’ ठेवतो. तो शब्द पाठ करतो आणि आटणारे पाणी पाहायचे विसरतो. पारिभाषिक शब्द हवेतच. पण ते पाहून झाल्यावर, पाहिलेल्याला नाव देण्यासाठी यावेत.

मग हे सर्वत्र का झाले नाही? कारण परीक्षा बदलली नाही. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रसिद्ध प्रयोगाने ही गोष्ट अचूक हेरली होती. त्याला मुंबईच्या महापालिका शाळांत टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयत्नांचीही पार्श्वभूमी होती. तेथे मुले परीक्षेला पुस्तक आणि वही घेऊन बसत. कारण प्रश्न पाठांतराचे नव्हतेच. शेकडो शाळांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. प्रयोग गुंडाळता येतो, परंतु त्याने दाखविलेली गोष्ट पुसता येत नाही : जशी परीक्षा, तसे शिक्षण.

पर्जन्यमापक आणि हिंदमाता

तेव्हा काय करता येईल? दोन सूचना करतो. दोहोंनाही फारसा पैसा लागत नाही.

पहिली सूचना गुणांविषयी. प्रात्यक्षिकाचे गुण बव्हंशी शाळा-महाविद्यालयांच्याच हाती असतात. त्यातील निम्मे गुण उत्तराच्या जवळिकेला न देता नोंदींना आणि त्यांच्या चर्चेला द्यावेत. ज्याचे उत्तर ९.४ आले आणि जो ‘आंदोलने मोजताना चूक झाली असावी, म्हणून पुन्हा मोजले’ असे लिहितो, त्याला ९.८१ लिहून गप्प बसणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळावेत. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागातील चार अध्यापकांनी ठरविले तरी पुरे.

दुसरी सूचना अशी, की प्रत्येक शाळेने वर्षभर चालणारे एक स्थानिक निरीक्षण हाती घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहराचा पाऊस एका आकड्यात मावत नाही, हे शिकविणारा याहून भयंकर धडा कोणता? सपाट तळाचा, उभ्या बाजूंचा डबा आणि एक मोजपट्टी एवढ्या भांडवलावर शाळेच्या गच्चीत पर्जन्यमापक उभा राहतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील पन्नास शाळांनी रोज ठरावीक वेळी नोंद केली, तर मध्य मुंबईचा पाऊस मुलांच्या वह्यांतून दिसू लागेल.

त्यापुढे प्रश्न आपोआप येतात. हिंदमाताला पाणी का तुंबते? परळच्या मुलाला हा प्रश्न गुडघाभर माहीत आहे. भरतीमुळे तुंबते, असे कोणी सांगतो. मग वर्तमानपत्रातील भरतीची वेळ, पावसाची नोंद आणि पाण्याची पातळी शेजारी शेजारी लिहून ठेवा. एखाद्या दिवशी ओहोटी असूनही पाणी साचले तर? तर भरती हे एकमेव कारण नव्हे. पावसाचा जोर आणि बशीसारखी खोलगट जमीन यांचाही विचार करावा लागेल. पालिकेने अलीकडे भूमिगत टाक्या बांधल्या. त्यांचा उपयोग झाला की नाही? सारख्याच पावसाच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांची तुलना करा. हे विज्ञान आहे, नागरिकशास्त्र आहे आणि अर्थशास्त्रही आहे. नगरसेवकाला प्रश्न विचारताना नुसता संताप हाती असण्यापेक्षा तीन पावसाळ्यांची वही हाती असलेली बरी.

शिक्षकांवरचा भार मी जाणतो. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, न संपणारा अभ्यासक्रम, त्यात निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. म्हणून आणखी एक विषय वाढवा, असे मी म्हणत नाही. आहे त्यातील दोन प्रकरणे कमी करा आणि तो वेळ एका प्रश्नाचा वर्षभर पाठलाग करायला द्या. दुसरा आक्षेप श्रद्धेविषयीचा. मुले प्रश्न विचारू लागली की घरातील वडीलधाऱ्यांशी त्यांचे खटके उडतील, अशी भीती काही पालकांना वाटते. परंतु निरीक्षणाची शिस्त माणसाला उद्धट न करता सावध करते. ‘मला एवढेच दिसले, यापुढचे ठाऊक नाही’ असे म्हणायला जो शिकला, तो इतरांशी वाद घालतानाही जपून बोलतो.

ज्या शहराने पिसूचा माग काढला, ज्याने चुंबकसूचीच्या नोंदीसाठी आख्खी वेधशाळा हलविली, ज्याच्या एका प्राध्यापकाने साम्राज्याचा हिशेब तपासला, त्या शहरातील मुलांनी उत्तर पाहून निरीक्षणे लिहावीत, ही स्थिती बदलणे अवघड आहे, असे मला वाटत नाही. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल. त्या आधी गच्चीवर एक डबा ठेवायला आणि फळ्याशेजारी एक कोरा तक्ता लावायला कोणाचीच परवानगी लागत नाही.